शनिवारचा पाव फेरा

"साहेब, ह्यो काय हलत न्हाई," अस्लम म्हणाला आणि पहार सोडून तळहात चोळायला लागला.

तीन माणसं, सहा फुटी पहार आणि अर्ध्या तासाचा घाम. टर्बाइनचा शाफ्ट केसभरही हलला नव्हता. जागेचे मालक राहुलशेठ व्हिडिओ काढायला मोबाइल धरून उभे होते. त्यांनी तो खिशात टाकला. शेजारी आर्किटेक्ट गायत्री उभी होती, तिचा चेहरा खर्रकन उतरला.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? चांगला पोटातून आनंद झाला.

तो कशाचा होता हे कळायचं तर आधी जागा आणि माणसं सांगायला हवीत.

माधवनगरात आमची कापडगिरणी होती. तिच्या मागच्या अंगाला दगडी पॉवरहाऊस. गिरणी उभी राहिली तेव्हा आसपास वीज नव्हती, म्हणून मालकांनी स्वतःची वीज स्वतःच करायचं ठरवलं. स्टेशनात वॅगननं कोळसा यायचा, तिथून बैलगाड्यांनी आत. बॉयलरमध्ये पाण्याची वाफ व्हायची, ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडायची. पाती फिरली की मधला जाड लोखंडी दांडा फिरतो. त्याला शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला अल्टरनेटर, म्हणजे सायकलच्या डायनामोचा थोरला भाऊ समजा. ह्या एका सेटवर सगळे माग चालायचे, मालकांचा बंगला उजळायचा आणि गिरणीच्या चाळीत खोलीला एक बल्ब लागायचा. सांगलीची माणसं म्हणे संध्याकाळी मुद्दाम तो उजेड बघायला यायची.

पुढे कोयनेची वीज आली आणि आमचं टर्बाइन स्टँडबाय झालं. बाहेरची वीज गेली की चालवायचं, आली की थांबवायचं. मी लागलो तो ह्या काळात. मूळचा मी वाईचा, कऱ्हाडला डिप्लोमा केला आणि इथं शिफ्ट इंजिनिअर झालो. गिरणीला कुलूप लागलं त्या दिवसापर्यंत होतो. नंतर व्हॅल्युअरचा धंदा धरला. म्हणजे बंद कारखान्यात जायचं, यंत्रं तपासायची, कुठलं चालेल आणि कुठलं भंगार ते लिहून द्यायचं. माझ्या सहीवर एखादं यंत्र जगतं किंवा गॅस कटरखाली जातं. ह्या सहीचा मला अभिमान होता. अजून आहे, थोडा कमी.

आता बिरू. बिरू माझ्या शिफ्टचा ऑइलमन, यंत्राला तेल घालणारा. वडूजकडचा. घरची मेंढरं, शाळा चौथीपर्यंत. उजव्या हातात तेलाची झारी, डाव्या हातात लांब स्क्रूड्रायव्हर. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. बेअरिंग म्हणजे शाफ्ट ज्यावर टेकून फिरतो तो आधार. ही पद्धत सगळ्याच कारखान्यांत आहे, मीही करायचो. मला घरघर ऐकू यायची. बिरूला बातमी कळायची.

एकदा दिवसपाळीला तो माझ्याकडे आला. "साहेब, दोन नंबर कण्हतंय."

दोन नंबर म्हणजे दुसरं बेअरिंग. मी टेंपरेचर बघितलं, तेलाचं प्रेशर बघितलं. सगळं नॉर्मल. "काही नाही, जा," म्हटलं. तेवढ्यात मॅनेजरसाहेब राउंडवर आले. त्यांनी मला काही विचारलं नाही. बिरूला विचारलं, "काय रे, काय म्हणतंय?"

"कण्हतंय साहेब."

"सेट बंद करा."

माझ्यासमोर! गेज मी वाचतो, लॉगशीटवर सही माझी, आणि विचारायचं कुणाला, तर झारीवाल्याला. बेअरिंग उघडलं. आतला मऊ धातूचा थर घसरायला लागला होता. आणखी तासभर चाललं असतं तर शाफ्टच गेला असता. मॅनेजरनी बिरूच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जाधव, ह्याच्याकडनं शिका जरा."

ह्या वाक्याला चाळीसेक वर्षं झाली असतील. बायकोचा वाढदिवस मी विसरतो, हे वाक्य नाही.

गेल्या वर्षी राहुलशेठनी गिरणीची जागा घेतली. बाकी सगळं पाडून प्लॉट पाडायचे होते, पण पॉवरहाऊसच्या दगडी कमानी बघून त्यांना मोह पडला. गायत्री साताऱ्याची, जुन्या इमारती जपण्याचंच शिकलेली. तिनं शेठना सुचवलं की इथं वीज कशी व्हायची ते दाखवणारं छोटं म्युझियम करू. शेठ व्यवहारी माणूस.

"ताई, इमारत ठेवतो," ते म्हणाले. "पण आत नुसतं लोखंड उभं असेल तर ते बघायला कोण येतंय? फिरलं पाहिजे. हातानं का होईना. फिरत असेल तर ठेवू, नाहीतर भंगारात घालू आणि तिथं हॉल करू."

फिरतं की नाही हे लिहून द्यायला इंजिनिअर हवा होता. चौकशी करत गायत्रीचा फोन मला आला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, जुनी डायरी शोधली आणि गेलो. रिक्षात बसून मनात भाषण तयार करत होतो. ही पोरगी विचारेल, सर, पॉवरहाऊसचा इतिहास सांगा. मी म्हणेन, बसा.

ती काही विचारेना. कारण इतिहास तिच्याकडे आधीच होता. गिरणी बंद झाल्यावर बिरू तिथंच वॉचमन म्हणून राहिला होता, आणि दोन महिने तिनं त्याच्याकडून सगळं ऐकून घेतलं होतं. टेबलावर म्युझियमच्या पॅनेलचे नमुने पसरले होते. पहिल्याच पॅनेलवर बिरूचा फोटो, पुरुषभर उंचीचा, कानाला स्क्रूड्रायव्हर. वर मोठ्या अक्षरांत 'यंत्राचा कान'. मी एकेक पॅनेल बघत गेलो. शेवटच्या पॅनेलवर अगदी तळाला बारीक टायपात होतं, 'तांत्रिक माहिती: सु. जाधव'.

"सर, आप्पा ग्रेट आहेत हो," गायत्री म्हणाली. बिरूला ती आप्पा म्हणायची. "गिरणी बंद झाल्यापासून दर शनिवारी ते एकटे शाफ्ट फिरवतात. पाव फेरा."

हा पाव फेरा समजून घ्यायला हवा. जड, लांब शाफ्ट दोन टोकांवर टेकलेला असतो. तो वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिला तर मधे खाली झुकतो. कपडे वाळत घालायची काठी झुकते तसाच, फक्त हे झुकणं डोळ्यांना दिसत नाही. शिवाय बेअरिंगमधलं तेल सुकतं आणि गंज धरतो. म्हणून बंद यंत्राचा शाफ्ट आठवड्याला थोडा फिरवून ठेवायचा. आमच्याकडे हे शनिवारी व्हायचं. कोपऱ्यात मारुतीची तसबीर होती. आधी मारुतीला तेल, मग बेअरिंगला तेल, मग पाव फेरा, आणि जी बाजू वर येईल तिला कुंकवाचं बोट. गिरणी चालू होती तेव्हा हे ठीक होतं. पण गिरणी बंद, पगार वॉचमनचा, बघणारं कुणी नाही, आणि हा माणूस वीस-बावीस वर्षं शनिवार पाळतोय?

"फिरवतो म्हणे," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंय?"

"मी शनिवारी साताऱ्याच्या साइटवर असते. पण आप्पा खोटं कशाला सांगतील?"

"खोटं नव्हे हो ताई. वय झालं की केलेलं काय आणि करायचं राहिलेलं काय, माणसाला एकच वाटायला लागतं."

मोठ्या समजूतदारपणे म्हणालो मी हे. बिरू माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा.

"आप्पा गावच्या जत्रेला गेलेत," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी येतील. तपासणी शनिवारीच ठेवू या का? मी थांबेन."

"मी गुरुवारीच मोकळा आहे."

मी सगळा आठवडा मोकळा होतो.

"पण आप्पा असते तर..."

"तपासणीला साक्षीदार लागत नाहीत, ताई."

तर असा तो गुरुवार. माझे दोन फिटर, अस्लम आणि संजू, आणि शेठचा ड्रायव्हर, असे तिघं पहारीला लागलेले. शाफ्टचे दोन तुकडे जिथं एकमेकांना जोडलेले असतात त्या जाड चकतीला कपलिंग म्हणतात. तिच्या कडेला भोकं असतात, त्यात पहार घालून शाफ्ट फिरवायचा. बेअरिंगची झाकणं उघडून मी आधी तेल सोडायला लावलं होतं. काम नियमाप्रमाणेच केलं. शाफ्ट हलला नाही. बिरूचा कान, बिरूचे शनिवार, बिरूचा पुरुषभर फोटो, सगळं एका अर्ध्या तासात खोटं पडलं होतं.

"जरा थांबा," मी म्हटलं. "मी खालून बघतो."

हे सवयीनं म्हणालो. टॉर्च घेतली आणि कपलिंगच्या मागे, भिंतीकडच्या अरुंद फटीत गुडघ्यांवर बसलो. तिथं एका वेळी एकच माणूस मावतो. खाली, कपलिंगचा बोल्ट आणि पायाचं लोखंड यांच्यामध्ये काहीतरी काळं, तेलकट घट्ट बसलेलं दिसलं. लोखंडच वाटलं. मी अंगठ्यानं त्याचं तोंड घासलं. चिकटा निघाला आणि खालून लाकडाच्या रेषा दिसल्या.

बाभळीची पाचर.

आणि मला सगळं आठवलं. दोन नंबरच्या भानगडीनंतर वर्षभरानं झालं होतं. टर्बाइन थांबलेलं, बिरू कपलिंग पुसत होता. वाफेचा व्हॉल्व्ह थोडा लीक होता. तेवढ्या वाफेनं थांबलेला शाफ्ट हळूच सरकला आणि बिरूच्या डाव्या हाताचं पहिलं बोट बोल्टखाली आलं. पेर गेलं. त्या दिवशी मी हुकूम काढला. पाव फेरा झाला की कपलिंगखाली पाचर मारायची, म्हणजे शाफ्ट आपोआप सरकणार नाही. पुढचा फेरा द्यायच्या आधी पाचर काढायची. असं कुठल्या पुस्तकात नव्हतं, आमच्या पॉवरहाऊसपुरतं मी ठरवलं होतं. तोच हुकूम मी पार विसरून गेलो होतो. आणि तीन माणसं पहार घेऊन माझ्याच पाचरीशी झुंजत होती.

माझ्या उजव्या हाताला हातोडी पडलेली होती. मागून एक टोला, पाचर बाहेर. एवढंच काम.

"काय दिसतंय सर?" गायत्रीनं वरून विचारलं.

मी टॉर्च बंद केली. "काही नाही. जाम आहे."

हे दोन शब्द मी का बोललो याच्यावर नंतर पुष्कळ विचार केला. टर्बाइनवर माझा काही राग नव्हता. त्या यंत्रावर माझी जवानी गेली. पण पाचर आहे असं म्हटलं असतं तर त्याचा अर्थ एकच होता, की गेल्या शनिवारपर्यंत पाव फेरा झालाय. म्हणजे बिरू खरा. वीस-बावीस वर्षं खरा. ते माझ्या घशातून उतरेना. जळफळाट म्हणतात तो हाच. घर गेलं तरी चालेल, पण शेजाऱ्याचा दिवा नको.

"मग सोमवारी भंगारवाल्याला बोलावतो," शेठ म्हणाले. "जाधवसाहेब, शनिवारी सकाळी रिपोर्ट आणा."

"शेठ, आप्पा येईपर्यंत तरी थांबू या," गायत्री म्हणाली.

"ताई, इंजिनिअर बोलले ना आता? अजून कुणाला विचारायचं?"

हे वाक्य ऐकायला मी चाळीस वर्षं थांबलो होतो. ऐकलं. म्हणावी तशी चव काही लागली नाही.

शुक्रवारी घरी रिपोर्ट टाइप केला. 'पहारीने बल लावूनही शाफ्ट फिरला नाही.' वाक्य खरं होतं. कोर्टात टिकलं असतं. आमच्या धंद्यात अशी वाक्यं पुष्कळ लिहिता येतात, खरी आणि अर्धी. खाली 'देखभाल' नावाचा रकाना असतो. यंत्राची निगा कोणी, किती ठेवली ते लिहायचं. तिथं मी एक आडवी रेघ मारली.

सुमन, माझी बायको, चहा घेऊन आली. "बिरूभावजी भेटले का हो तिथं?"

"नाही. गावाला गेलाय."

"तरीच तुम्ही काल एवढे खुशीत निघालात." ती हसली. "त्यांचं नाव काढलं की तुमचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, ते अजून तसंच आहे बघा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला यंत्रातलं कळत नाही," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली.

शनिवारी मी शेठच्या वेळेआधी अर्धा तास पोचलो. फाइलीत रिपोर्ट होता. वाटलं, टेबलावर ठेवून निघून जावं. पॉवरहाऊसचं दार उघडं होतं आणि आत तेलाचा वास. मारुतीपुढं पणती लावलेली. बिरू बेअरिंगजवळ झारी घेऊन उभा होता. कपाळावर जत्रेचा भंडारा तसाच. पाठ वाकलीय, केस पांढरे, पण झारी धरायची ढब तीच.

"या साहेब," तो म्हणाला. "लय दिसांनी."

"कधी आलास?"

"पयल्या यष्टीनं. ताईंचा फोन आलता, जाम झालंय म्हनल्या. झोप न्हाई लागली." झारी खाली ठेवत त्यानं अगदी सहज विचारलं, "पाचर काढली न्हवती व्हय?"

"कसली पाचर?" मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग तो टॉर्च घेऊन भिंतीकडच्या फटीत उतरला आणि गुडघ्यांवर बसला. मी वरून वाकून बघत होतो. टॉर्चच्या उजेडात पाचरीचं तोंड दिसलं. सगळं काळं, चिकट, आणि मधोमध एक स्वच्छ डाग. अंगठ्याएवढा. लाकडाच्या रेषा त्यात मोजून घ्याव्यात इतक्या साफ दिसत होत्या. त्या फटीत एका वेळी एकच माणूस मावतो हे वर लिहिलं आहेच, आणि गुरुवारी तिथं कोण उतरलं होतं हे गायत्रीनं त्याला फोनवर सांगितलं असणारच.

बिरू त्या डागाकडे बराच वेळ बघत राहिला. माझे कान तापले.

मग त्यानं कमरेला खोचलेला सुताचा बोळा काढला आणि पाचरीचं सगळं तोंड पुसून काढलं. कडेपासून कडेपर्यंत, नीट. डाग कुठं होता ते कुणाला कळलं नसतं.

"लय घाण बसलीवती," तो म्हणाला आणि फटीतून वर आला.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला. शेठ आले, मागोमाग गायत्री. रात्रभर जागल्यासारखे तिचे डोळे. शेठनी माझ्याकडे हात पुढे केला. "रिपोर्ट?"

मी फाइल छातीशी धरली होती. माझ्याआधी बिरू बोलला.

"शेठ, चूक माजी हाय. खाली पाचर मारून मी गावाला ग्येलो आन् कुनाला सांगितलं न्हाई. ती हाय पार भिंतीकडंला. साहेबांस्नी कशी दिसावी?"

"पाचर कशासाठी मारायची?" शेठनी विचारलं.

"साहेबांची आर्डर हाय." बिरूनं डावा हात वर केला. पहिलं बोट अर्ध्यावर संपलेलं. "हे ग्येलं तवाची. पाव फेरा झाला की पाचर. सुताराची वाट न बघता पयली पाचर साहेबांनी सोता बसून तासली. माझ्या बोटाचं रगत वाळलं न्हवतं तवर पाचर तयार. तवाधरनं एक शनवार चुकीवला न्हाई मी. ही बाकीची नऊ बोटं ऱ्हायली न्हवं, ती ह्येंच्यामुळं."

पहिली पाचर मी तासली होती हेसुद्धा मी विसरलो होतो. त्याला ते आठवत होतं. आणि तुम्हाला वाटेल मी विरघळलो असेन. नाही. मला त्याही क्षणी त्याचा हेवाच वाटला. कान त्याचा चांगला, आठवण त्याची चांगली, आणि आता हेसुद्धा त्यालाच येत होतं, जे माझ्यानं कधी झालं नसतं.

"पाचर माझीच," मी म्हटलं. "मला दिसायला हवी होती."

माझी मजल तेवढीच गेली. दिसली होती, हे त्या दिवशी म्हणालो नाही. आज लिहितोय.

बिरूनं हातोडी उचलली आणि परत फटीत उतरून मागून एक टोला दिला. पाचर सुटून खाली पडली. मग त्यानं कोपऱ्यातला जुना हातपंप ओढला आणि बेअरिंगमध्ये तेल चढवलं. सावकाश, गाईची धार काढावी तसं. सहा फुटी पहारीकडे त्यानं बघितलंही नाही. भिंतीला टेकवलेली स्वतःची तीन फुटी पहार घेतली, कपलिंगच्या भोकात घातली आणि अंगाचा भार दिला.

आधी काहीच झालं नाही. गायत्रीनं कठडा घट्ट धरला. मग एक खोल, दमदार आवाज आला आणि शाफ्ट फिरला. कुंकवाचं जुनं बोट वरून निघालं आणि हळूहळू बाजूला, भिंतीच्या दिशेनं गेलं. तीन माणसांना न हललेलं ते धूड एक सत्तरीपार माणूस एकट्यानं फिरवत होता. शेठनी मोबाइल काढला होता, पण बटण दाबायचं विसरले.

बिरूनं स्क्रूड्रायव्हर घेतला, दोन नंबरवर टेकवला आणि परत थोडी पहार दाबत कान लावला.

"काय म्हणतंय?" शेठनी विचारलं. अगदी मॅनेजरसारखं.

"काय न्हाई. निजल्यालं हुतं, कूस बदललीया."

त्यानं नव्या वरच्या बाजूला कुंकू लावलं, वाकून पाचर उचलली आणि माझ्यापुढं धरली. "मारा साहेब. तुमची हाय."

मी त्या फटीत उतरलो आणि पाचर मारली. गुडघे दुखले.

फाइलीतला रिपोर्ट कुणाला दिला नाही. दुसरा लिहिला. 'शाफ्ट हाताने सहज फिरतो. बेअरिंग उत्तम स्थितीत.' 'देखभाल' ह्या रकान्यात पहिल्यांदाच एका माणसाचं नाव लिहिलं. बिरूचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. गायत्रीला विचारून घ्यावं लागलं.

भंगारवाला सोमवारी आला नाही. म्युझियम आता सुरू झालंय. शनिवारी शाळेच्या सहली येतात, पोरं कठड्याला लोंबकळून पाव फेरा बघतात आणि बिरूच्या अर्ध्या बोटाबद्दल विचारतात. तो फोटो पहिल्या पॅनेलवर पुरुषभर उंचीचाच आहे. मला अजून त्याच्याकडे सरळ बघवत नाही.

पण दाराजवळ काचेच्या पेटीत एक काळी पाचर ठेवलीय. खाली लिहिलंय, 'ही सुरक्षा पद्धत शिफ्ट इंजिनिअर सुभाष जाधव यांनी घालून दिली.' नाव पूर्ण, टाइप मोठा. गायत्री म्हणाली, आप्पांनी हट्टच धरला. मी बिरूला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, ही मी तासलेली नाही. माझी कधीच झिजून गेली असेल."

"चार झिजल्या," तो म्हणाला. "ही पाचवी. पर माप तुमचंच हाय."

नव्यानं ह्या धंद्यात येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. शाफ्ट हलत नसेल तर पहार मोठी आणू नका, खाली वाकून बघा. दिसेल ते त्याच दिवशी लिहा. आणि तपासणीला जाताना तिथं रोज असणारा माणूस हजर असेल असाच वार निवडा. बाकी मॅनेजरसाहेबांनी काय सांगितलं होतं ते वर दिलंच आहे. मला ते ऐकू यायला चाळीस वर्षं लागली, आणि कान अजूनही बिरूएवढा झालेला नाही.